हेल्मेट सगळ्यात शेवटी

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कंपनीत नवा पोरगा रुजू झाला की गेटवरच त्याच्या हातात तीन गोष्टी पडतात. पिवळं हेल्मेट, एक माप मोठे सेफ्टी शूज आणि एक कागद. 'मला सुरक्षिततेची संपूर्ण माहिती देण्यात आली आहे' असं त्या कागदावर आधीच छापलेलं असतं, खाली फक्त सही करायची. काटोलकडच्या एका पोराने सही करता करता मला विचारलं होतं, "एवढंच राहते का जी सेफ्टी?"

शिफ्ट सुरू होत होती, त्याच्या मागे अजून अकरा जण उभे होते. उत्तर राहून गेलं. ते आज लिहितो आहे. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर, मिहान, जिथे कुठे तुम्ही किंवा तुमच्या घरचं कोणी कामाला जात असेल, त्या सगळ्यांसाठी.

आधी दोन शब्द वेगळे करू: धोका आणि जोखीम. आपण ते एकाच अर्थाने वापरतो, पण या विषयातलं सगळं गणित त्यांच्यातल्या फरकावर उभं आहे. तुमच्या मामाच्या गावची विहीर आठवा. विहीर हा धोका. ती खोल आहे, तिच्यात पाणी आहे, बस. जोखीम किती, हे मात्र विहिरीची खोली सांगत नाही. कठडा आहे का, शाळेच्या वाटेवर आहे का, पावसाळ्यात काठ निसरडा होतो का, शेजारी पोरं लगोरी खेळतात का, यावर जोखीम ठरते.

आता ही विहीर सुरक्षित करायची आहे. वापरात नसेल तर बुजवून टाकता येईल. पाणी हवंच असेल तर हातपंप बसवता येईल. तेही जमत नसेल तर पक्का कठडा आणि वर लोखंडी जाळी. त्यानंतर येते पाटी, आणि आईची हाक: "तिकडे फिरकू नको रे!" आणि अगदी शेवटी, पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधायचा, म्हणजे पडलाच तर तरंगेल.

कारखान्यातली सुरक्षा जगभर याच क्रमाने विचार करते. धोका काढून टाका. नाही जमलं तर कमी धोक्याची दुसरी वस्तू किंवा पद्धत आणा. नाही जमलं तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये भिंत, जाळी, गार्ड, पंखा असं काहीतरी उभं करा. त्यानंतर नियम, परमिट, प्रशिक्षण, पाट्या. आणि एवढं करूनही जे उरेल, त्याच्यासाठी माणसाच्या अंगावर हेल्मेट, हातमोजे, गॉगल, मास्क.

हेल्मेट म्हणजे पाठीचा डबा. तो हवाच, त्याने जीव वाचतात, मी स्वतः वाचलेले पाहिले आहेत. पण ज्या गावाने कठडा न बांधता घरोघरी डबे वाटले, त्या गावाला तुम्ही काय म्हणाल?

हा क्रम असाच का, याचं कारण साधं आहे. पहिले तीन उपाय माणूस झोपाळलेला असो, घरी भांडून आलेला असो, ओव्हरटाइमच्या बाराव्या तासाला असो, काम करतात. शेवटचे दोन उपाय माणसाने रोज, प्रत्येक वेळी, न विसरता पाळले तरच काम करतात. आणि माणूस विसरतो. त्याला विसरू न देणं कोणत्याही पाटीच्या हातात नाही.

हा विचार नागपूरला नवा नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ला इथे सुरू झाली. कापसाची गिरणी म्हणजे आगीला आमंत्रण आणि विदर्भातल्या कोरड्या हवेत धागा तुटायची कटकट वेगळी. त्या गिरणीत आग विझवणारे पाण्याचे फवारे आणि हवेत ओलावा ठेवणारी यंत्रं बसवली होती. १८८६मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५पासून अपघाताची भरपाई दिली जाऊ लागली. भरपाईचा कायदा देशात आला १९२३मध्ये. म्हणजे कायद्याच्या २८ वर्षं आधी आपल्या शहरातल्या एका गिरणीत ही गोष्ट होत होती. आज तिथे मॉल आहे. तिथून जाताना मला प्रत्येक वेळी वाटतं, की हे इथल्या पोरांना शाळेत सांगायला हवं.

काडी लावलेलं बटण

आता एक गोष्ट जवळून पाहू.

एका लहान कारखान्यात पत्र्याचे भाग बनायचे. पॉवर प्रेस. वरून डाय, म्हणजे लोखंडी साचा, दणकन खाली येते, पत्र्याला आकार देते, वर जाते. हात मध्ये राहू नये म्हणून प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच डाय खाली येते. हात बटणांवर असतील तर ते डायखाली असू शकत नाहीत. माणसाच्या आठवणीवर काही सोडलेलं नाही, किती सुंदर युक्ती आहे पहा.

त्या दिवशी बावीस वर्षांच्या एका ऑपरेटरच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली. मी पोचलो तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं होतं. प्रेसवरचं रक्त पुसलेलं होतं, पण डावं बटण कोणी पाहिलं नव्हतं. बटणाच्या कडेला आगपेटीची काडी खोचलेली होती, बटण कायम दाबलेलं राहील अशी. उजवं बटण एका हाताने दाबायचं, दुसऱ्या हाताने पत्रा सरकवायचा. काडीचं टोक हातांच्या तेलाने काळं, गुळगुळीत झालेलं होतं. म्हणजे ती काल-परवाची नव्हती.

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं: 'कामगाराचा निष्काळजीपणा.' हे दोन शब्द मी इतक्या कागदांवर वाचले आहेत की आता ते दिसले की पोटात कालवतं. कारण हे दोन शब्द लिहिले की चौकशी थांबते.

ती थांबू नये म्हणून एक पद्धत आहे. जपानमधल्या टोयोटा कंपनीत ती रुजली आणि तिथून सगळीकडे गेली: लागोपाठ पाच वेळा 'का' विचारायचं. बोटं का गेली? हात डायखाली असताना डाय आली. का आली? एका बटणाला काडी होती. काडी का लावली? दोन्ही हात बटणांवर ठेवले तर शिफ्टचा आकडा पुरा होत नव्हता. महिन्यापूर्वी आकडा वाढवला होता आणि पगार पीसवर, म्हणजे नगागणिक होता. सुपरवायझरला दिसलं नाही का? दिसलं होतं, पण त्याच्यावरही तोच आकडा होता. आणि मशीनने हे चालू का दिलं? कारण तिचं जुनं सर्किट फक्त एवढंच पाहत होतं की दोन्ही बटणं दाबलेली आहेत.

या शेवटच्या 'का'ला उत्तर बाजारात मिळतं. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत सोबत दाबली आणि प्रत्येक फेरीनंतर दोन्ही सोडली, तरच पुढची फेरी, असा रिले येतो. त्याला काडी फसवू शकत नाही. त्याच्याही पुढे जाता येतं: पत्रा बाहेरूनच सरकत डायखाली जाईल अशी साधी घसरपट्टी बसवली की हात आत न्यायचं कारणच उरत नाही. ती विहीर बुजवल्यासारखी. तो पोरगा निष्काळजी होता असं मला आजही वाटत नाही. त्याला घरी पैसे पाठवायचे होते आणि त्याच्यासमोर ठेवलेलं गणित तसंच सुटत होतं.

मे महिन्याचा हॉल

नागपूरच्या उन्हाबद्दल नागपूरकराला सांगायला जाणं म्हणजे धाडसच. २३ मे २०१३ला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपा लागला की दुपट्टा बांधल्याशिवाय आपण दाराबाहेर पडत नाही. आजी खिशात कांदा देते, तिची माया खरी आहे, कांदा जेवणात जरूर खावा. पण पत्र्याच्या शेडखाली भट्टीशेजारी उभ्या माणसाच्या अंगात काय चाललेलं असतं ते समजून घेतलं, तर खिशातल्या कांद्यावर भिस्त राहणार नाही.

शरीर सतत उष्णता तयार करतं आणि जड काम करताना ती कैकपट होते. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम वाळणं. घाम येणं पुरेसं नाही, तो वाळला पाहिजे. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून मेच्या कोरड्या ४५ अंशांत वारा आणि पाणी असेल तर माणूस तग धरतो, आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर ३९ अंशांतही जीव कासावीस होतो, कारण हवेत ओल असते आणि घाम अंगावरच राहतो. दारं-खिडक्या बंद करून लावलेला कूलर हेच करतो. कूलरची हवा आत आली तर तेवढीच दुसऱ्या बाजूने बाहेर गेली पाहिजे. वर तापलेला पत्रा आगीसारखी धग खाली टाकतो ती वेगळी. त्या पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग दिला, छताला फिरते पंखे लावले, भट्टीपुढे पत्र्याचा आडोसा उभा केला, तर हॉलमध्ये फरक जाणवतो. आणि हे सगळं मार्चच्या आत करायचं काम आहे. मे उजाडल्यावर ताकाचे ग्लास वाटून ते भरून निघत नाही.

त्रास कसा चढतो? आधी पोटरीत, पोटात गोळे येतात. मग डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, अंग घामाने निथळतं. इथे थांबलं, सावलीत बसलं, मिठाचं पाणी घेतलं तर माणूस सावरतो. पुढची पायरी म्हणजे उष्माघात: अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर आणि मेंदूवर परिणाम. ओळखायची खूण सांगतो, ही पाठ करून ठेवा. माणूस असंबद्ध बोलायला लागतो, विनाकारण चिडतो, झिंगल्यासारखा चालतो. "याने दुपारीच लावली वाटते" असं कोणी म्हणालं, तर आधी त्याच्या कपाळाला हात लावा. १०८ला फोन करा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका, लगेच थंड करायला लागा. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मान, काखा, जांघा इथे बर्फ किंवा ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. उष्माघातात एकेक मिनिट मेंदूचं असतं.

दोन गोष्टी मात्र उन्हाच्या यादीत कोणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

पहिली, नवा माणूस. उन्हात काम करायची सवय शरीराला लागते, पण एक-दोन आठवडे घेते. घाम लवकर येऊ लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. म्हणून नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उन्हातलं काम साधारण पाचव्या हिश्श्याएवढं द्यावं आणि रोज थोडं थोडं वाढवावं. लग्नाच्या सुट्टीवरून परतलेल्या जुन्या माणसालाही थोडे दिवस सांभाळावं लागतं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. नव्या हेल्परला सगळ्यात तापलेल्या कोपऱ्यात उभं करतात, कारण जुने तिथे जायला तयार नसतात.

दुसरी, बायकांचं पाणी. दर १५-२० मिनिटांनी ग्लासभर पाणी प्यावं असं आम्ही प्रत्येक भाषणात सांगायचो. पॅकिंगमधल्या एक ताई ऐकून घ्यायच्या आणि दिवसभर बाटली उघडायच्याच नाहीत. खूप दिवसांनी बोलल्या: "संडास गेटपाशी आहे जी. जाऊन याले पंधरा मिनिटं लागते आन् सुपरवायझर घड्याळ पाहाते." त्यांना उन्हाचं भाषण नको होतं. जवळ, कडी लागणारं, स्वच्छ स्वच्छतागृह हवं होतं. ते बांधलं गेलं तेव्हा पाण्याच्या जारचा खप वाढला. हे मी ऐकीव सांगत नाही, जारच्या पावत्यांवर मीच सही करत होतो.

कूलर आणि ३० मिलीअँपिअर

उन्हासोबत कूलर आला आणि कूलरसोबत शॉक. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, घरात आणि कामावरही. पत्र्याची बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी, आणि तीन पिनचा प्लग तुटला म्हणून दोन वायरी थेट सॉकेटात खोचलेल्या. कशाने? पुन्हा त्याच आगपेटीच्या काडीने.

"एमसीबी आहे ना, पडेल ती," असं सगळे म्हणतात. इथे एक मोठा गैरसमज आहे. एमसीबी म्हणजे वीज जास्त झाली की आपोआप पडणारा स्विच; १६ अँपिअरची एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलीअँपिअर. माणसाच्या हृदयाची लय बिघडवायला ५० ते १०० मिलीअँपिअर पुरतात. नऊ वॅटचा साधा एलईडी बल्ब साधारण ४० मिलीअँपिअर घेतो, यावरून अंदाज घ्या. तुमच्या अंगातून वीज जमिनीत जात असताना एमसीबीला ती बल्बाएवढी दिसते, ती पडणार नाही.

त्यासाठी वेगळं उपकरण असतं, आरसीसीबी. जेवढी वीज गेली तेवढी परत आली का, हे ते सतत मोजत राहतं. ३० मिलीअँपिअरचा फरक दिसला की क्षणार्धात पुरवठा तोडतं. सोबत खरी अर्थिंग हवी, जिची तपासणी होते अशी. आरसीसीबीवर एक छोटं बटण असतं, 'टी' लिहिलेलं; महिन्यातून एकदा ते दाबून बघायचं. पडली तर ठीक, नाही पडली तर त्या दिवशी त्या लाइनवर काम नाही. आणि कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढायचा. स्विच बंद करून भागत नाही.

वीज असो की यंत्र, दुरुस्तीच्या वेळचा नियम एकच: आपलं कुलूप, आपली चावी. जो माणूस मशीनच्या आत हात घालणार, तो मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो, नावाचा टॅग अडकवतो आणि चावी खिशात ठेवतो. चार जण काम करत असतील तर चार कुलपं. शिफ्ट बदलली, साहेब आले, माल अडला, तरी दुसऱ्या कोणी ते कुलूप काढायचं नाही. "लाइट बंद आहे, सांगून आलो मी" हे वाक्य कुलपाच्या जागी चालत नाही.

एक सेकंद

मृगाच्या आधी सगळ्या एमआयडीसीत एकच काम निघतं, छताची गळती. सिमेंटच्या पत्र्यावर माणूस चढतो. वीस वर्षांचा पत्रा वरून नव्यासारखाच दिसतो, पण आतून ठिसूळ झालेला असतो. उजेडासाठी मधे मधे बसवलेले फायबरचे पारदर्शक पत्रे धुळीने काळे पडून सिमेंटसारखे दिसतात. पाय पडला की माणूस आरपार.

पाच मीटर उंचीवरून पडणाऱ्या माणसाला जमीन गाठायला एक सेकंद लागतो, आणि तो आदळतो ताशी सुमारे ३५ किलोमीटरच्या वेगाने. त्या एका सेकंदात कोणीही काहीही करू शकत नाही. जे करायचं ते चढण्याच्या आधी.

क्रम तोच. वर चढायलाच हवं का? पुष्कळ गळत्या खालून, मचाणावरून बंद करता येतात. चढायचंच असेल तर पत्र्यावर पाय न ठेवता छताखालच्या कैच्यांवर टेकलेल्या फळ्यांवरून चालायचं, खाली जाळी बांधायची. मग सेफ्टी बेल्ट, अंगभर पट्ट्यांचा, आणि त्याचा हुक डोक्याच्या वर, वजन पेलेल अशा जागी. मी असे बेल्ट पाहिले आहेत ज्यांचा हुक शेजारच्या पाइपला किंवा चक्क स्वतःच्याच कमरेला अडकवलेला होता. आणखी एक: बेल्टने लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं, नाहीतर मांडीच्या पट्ट्यांनी रक्त पायात अडकून तो बेशुद्ध पडू शकतो. खाली शिडी घेऊन उभा राहणारा माणूस हा कामाचाच भाग आहे.

टाकीत उतरण्याचं तर याहून भयंकर. सांडपाण्याच्या टाकीत सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू असतो. थोडा असेल तर वास येतो; जास्त झाला की नाकाची शक्तीच बधिर होते आणि वास थांबतो. आतल्या माणसाला वाटतं, वायू गेला. तो कोसळतो. वरचा सोबती त्याला काढायला उडी मारतो, मग तिसरा. चांगल्या मनाची माणसं अशी एकामागोमाग जातात. म्हणून उतरण्याआधी मीटरने हवा मोजायची. बाहेरच्या हवेत २०.९ टक्के प्राणवायू असतो, १९.५च्या खाली असेल तर उतरायचं नाही. ब्लोअरने हवा सोडत राहायची, उतरणाऱ्याच्या पट्ट्याला दोर बांधायचा आणि वरच्या माणसाने तो दोर कप्पीने ओढायचा. त्याने स्वतः उतरायचं नाही, कितीही जीव तुटला तरी.

धूळ आणि आवाज मात्र शांतपणे खातात, म्हणून त्यांची बातमी होत नाही. जिनिंगमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला विचारा, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती जड वाटते का. हो म्हणाला तर ते कापसाच्या धुळीचं लक्षण असू शकतं, वेळेत तपासायला हवं. आवाजाची घरगुती कसोटी अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे आणि वर्षानुवर्षं तो ऐकला तर कान जातो. गेलेला कान औषधाने परत येत नाही.

आपल्या भागाची एक वेगळी जखमही आहे. देशातल्या स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचं, पेसोचं, मुख्यालय नागपुरात आहे, आणि शहराभोवती दारूगोळ्याचे व स्फोटकांचे कारखाने आहेत. १७ डिसेंबर २०२३ला बाजारगावजवळ, १३ जून २०२४ला धामण्याजवळ, २४ जानेवारी २०२५ला भंडाऱ्याच्या जवाहरनगरला स्फोट झाले. आजूबाजूच्या गावांतल्या तरुण मुली आणि मुलं त्यात गेली. या उद्योगात हेल्मेटचा उपयोग जवळजवळ नाही, म्हणून तिथे हेल्मेटच्या आधीच्या पायऱ्यांवर भर देतात. एका शेडमध्ये किती माल आणि किती माणसं हे दारावर लिहिलेलं असतं. दोन शेडच्या मधे अंतर आणि मातीचे उंच बांध असतात, म्हणजे एकाचा स्फोट दुसऱ्यापर्यंत जाऊ नये. आत शिरताना अंगातली स्थिर वीज उतरवायला तांब्याच्या पट्टीला हात लावायचा, सुती कपडे घालायचे, ठिणगी न देणारी अवजारं वापरायची. माणसांची ती संख्या मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शेडमध्ये चारच जणांना परवानगी असताना सातवा माणूस आत असेल, तर त्याला तिथे कोणी आणि का पाठवलं, हा प्रश्न स्फोट व्हायच्या आधी विचारायचा असतो.

कायदा हातात कसा धरायचा

पंचाहत्तर वर्षांहून जास्त काळ या सगळ्याचा आधार होता कारखाने अधिनियम, १९४८. आता त्याच्यासकट तेरा कायदे एकत्र करून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० आली आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून ती लागू झाली. कामगाराच्या उपयोगाचं तेवढं सांगतो.

प्रत्येकाला नेमणूकपत्र मिळालंच पाहिजे. ठेक्यावर असला तरी. हा कागद सुरक्षेचा वाटत नाही, पण अपघातानंतर "हा आमच्याकडे नव्हताच" असं म्हटलं जातं तेव्हा त्याची किंमत कळते. सुरक्षेच्या साधनांचे किंवा तपासणीचे पैसे पगारातून कापता येत नाहीत. बुटांचे हप्ते कापत असतील तर ते चूक आहे. ५०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५०लाच. सुरक्षा समिती असेल तर तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. ताबडतोब जीव जाईल असा धोका दिसला तर तो मालकाला किंवा समितीला कळवायचा हक्क कामगाराला आहे आणि त्यावर लगेच हालचाल करणं मालकावर बंधनकारक आहे. कामगारावरही कर्तव्य आहे: गार्ड काढायचा नाही, साधनांशी छेडछाड करायची नाही, दिसलेला धोका सांगायचा.

राज्य कामगार विम्याचं कार्ड घरातल्या बाईलाही दाखवून ठेवा. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना लागू होते. कामावरच्या इजेने काही काळ काम थांबलं तर सरासरी रोजच्या मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही ठरावीक अटींवर यात धरतात. वर्धा रोडवर रात्रपाळीहून दुचाकीवर येणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. मात्र अपघाताची नोंद त्याच दिवशी, कंपनीच्या अपघात नोंदवहीत झाली पाहिजे. "आधी बरा हो, मग पाहू" याला भुलू नका.

नोंदवही

दरवर्षी ४ ते १० मार्च सुरक्षा सप्ताह असतो. शपथ, रांगोळी, पोस्टर स्पर्धा. मला त्याचा राग नाही, पोरं मनापासून चित्रं काढतात. पण एखादी कंपनी किती सुरक्षित आहे हे पाहायला मला कोणी नेलं, तर मी पोस्टर पाहत नाही. 'थोडक्यात वाचलो'ची वही मागतो.

माणूस घसरला पण पडला नाही. पाना वरून सुटला, शेजारी कोणी नव्हतं. असे प्रसंग प्रत्येक कारखान्यात रोज घडतात, आणि मोठ्या अपघाताच्या आधी ते बहुतेक वेळा घडून गेलेले असतात. फुकट मिळालेला इशारा असतो तो. वही कोरी असेल तर तिथे इशारे येत नाहीत असं नाही, लिहिणारा घाबरतो एवढंच समजायचं. लिहिलं की आधी त्यालाच मेमो मिळत असेल, तर तो का लिहील?

आम्ही ती वही सुरू केली तेव्हा दीड महिना एक अक्षर पडलं नाही. मग नाव लिहायची अट काढली, वही ऑफिसातून उचलून कँटीनच्या दाराशी ठेवली आणि पेन दोरीने बांधून टाकला. पहिली नोंद झाडझूड करणाऱ्या मावशींची होती. त्यांनी सांगितलं आणि कँटीनच्या पोराने लिहिलं: 'कंप्रेसरच्या पायरीवर तेल राहते. मी आज घसरली. पडली नाही.'

दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सने कंप्रेसरचं सील बदललं, आणि खाली ट्रे ठेवला. दुपारी मावशी वहीपाशी आल्या, आपल्या नोंदीपुढे बोट ठेवून मला म्हणाल्या, "इथं लिहा, झालं म्हून." मी लिहिलं, तारीख घातली. त्या संध्याकाळपर्यंत वहीत अजून चार नोंदी होत्या.